एपवर्थचे मेथडिस्ट चर्च

लिंकनशायरमधील एपवर्थ या लहानशा नगरातील मेथडिस्ट चर्चचा इतिहास त्याच्या वास्तूहून जुना आहे. जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ साली येथेच झाला. वडील सॅम्युएल तेथील सेंट अँड्र्यू चर्चचे धर्मगुरू होते. १७४२ च्या जूनमध्ये वेस्ली परतले, तेव्हा त्याच चर्चमध्ये त्यांना प्रवचनाची अनुमती नाकारण्यात आली. त्यांनी आवारातील वडिलांच्या थडग्यावर उभे राहून जमलेल्या लोकांना उपदेश केला. तथापि १७९१ मध्ये निधन होईपर्यंत ते इंग्लंडच्या चर्चचेच धर्मगुरू राहिले; वेगळा पंथ स्थापण्याचा त्यांचा हेतू नव्हता. वेस्लींच्या स्मरणार्थ मेथडिस्ट चर्च उभे राहिले ते १८८८-८९ मध्ये. बंद दाराबाहेर वाढलेल्या परंपरेला अखेर स्वतःचे दार लाभले; ते कोणाकोणासाठी उघडे राहते, यातच तिची खरी कसोटी आहे.