कानतुटका कप आणि पंचविसावं कलम

आमच्या पणजीला विठोबा हवा होता आणि आजोबांना साचेखातं. यावरून मायलेकांचं कायम वाजायचं. आत्या सांगते, आषाढी जवळ आली की पणजी गाठोडं बांधायला घ्यायची आणि आजोबा म्हणायचे, ''आये, ज्यो तुला उंबऱ्यात येऊ देत न्हाई, त्येच्या दारात कशाला जातीस?'' पणजीचं उत्तर ठरलेलं, ''त्यो कुठं अडवतोय? अडवणारी माणसं हायती.'' सोलापूरहून ती चालत पंढरपूरला जायची, चंद्रभागेत बुडी मारायची आणि महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबायची. तिची वारी तिथं संपायची. कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचं.

आजोबा सोलापूरच्या एका कापडगिरणीत सूतखात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा, पण तिथं महारवाड्यातल्या माणसाला घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ. मुंबईच्या गिरण्यांतही हाच रिवाज होता. 1928च्या संपात बाबासाहेबांनी साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी लावून धरली, ती यामुळेच. धाग्याचं ते टोक ओठांनी कसं ओढायचं, ते आजोबा हातानं करून दाखवायचे. साच्यावर उभं राहायला मिळालं नाही, तरी ते कसब त्यांनी लांबूनच बघून उचललं होतं.

आणि गिरणीबाहेरचं हॉटेल. कान तुटलेला एक कप बाहेर वळचणीला खुंटीला अडकवलेला असे. तो आपण काढायचा, विसळायचा, जमिनीवर ठेवायचा आणि मागं सरायचं. पोऱ्या वरून चहा ओतायचा. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. मालक त्यांवर पाणी शिंपडून ते गल्ल्यात टाकायचा. आजोबा आवर्जून सांगायचे की तो माणूस दुष्ट नव्हता, उधारीसाठी त्यानं कधी तगादा लावला नाही. पण कपाचं विचारलं की म्हणायचा, ''दुकान माझं, भांडी माझी. माझा धर्म मला पाळू द्या.'' तो हे मनापासून म्हणत होता, हे मला पटतं. म्हणूनच त्याच्या म्हणण्याला उत्तर देणं भाग आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते उत्तर आपल्या परीनं दिलं होतं. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. ही गोष्ट आमच्या वस्तीत पुराणातल्या कथेसारखी सांगितली जायची. सोलापुरात मात्र राजा नव्हता, गिरणीमालक होते.

1947च्या 1 मेला साने गुरुजी विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून गावोगावच्या विहिरी आणि देवळं खुली करायला लावली होती. 10 मेला उपोषण सुटलं आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आजोबांना त्याचं फार कौतुक नव्हतं. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यापासून त्यांचं मन देवळातून उठलं होतं. पणजी मात्र लगोलग गेली. तिला वाटेत कुणी सांगितलं की बडव्यांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, देवाचं तेज आधीच काढून घागरीत ठेवलंय, आता आत नुसता दगड आहे. ती म्हणाली, ''घागर कुठं हाय ती बी दावा, तिलाबी हात जोडते.'' पायांवर डोकं ठेवलं तेव्हा दगड गार लागला, एवढंच ती पुढं सांगायची आणि डोळ्याला पदर लावायची.

पुढच्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 1948 ला, घटना समितीत दुकानांचा विषय निघाला. आजचं पंधरावं कलम सांगतं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म किंवा जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही. यात धोबी, न्हावी, डॉक्टर, वकील येतात का, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांचं उत्तर असं की जो आपली सेवा लोकांना देऊ करतो तो प्रत्येक जण यात येतो. नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यावी लागेल. अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही त्याच दिवशी संमत झालं. 1955च्या अस्पृश्यता कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचा उल्लेख आहे. तो वाचताना मला खुंटीवरचा कप दिसतो. 1976 साली कायदा कडक झाला आणि धर्माच्या नावानं अस्पृश्यतेचं समर्थन करणं हासुद्धा गुन्हा ठरला.

1955चा कायदा आल्यावर आजोबा आणि त्यांचे सोबती पाळी सुटल्यावर सरळ आत जाऊन बाकावर बसले. मालकानं दोन दिवस भट्टीच पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भोंगा झाला, गिऱ्हाईक दारात आलं आणि भट्टी पेटली. त्या दिवशी आजोबांना काचेच्या ग्लासातून चहा मिळाला.

पुढच्या वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 ला, ते नागपूरला दीक्षाभूमीवर होते. घरी येऊन त्यांनी देव्हाऱ्यातले आपले देव विसर्जन केले, पणजीचा विठोबा मात्र ठेवला. एका कोनाड्यात विठोबा, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पणजी जाईपर्यंत हे असंच होतं. आजोबांनी धर्म सोडला आणि पणजीनं धरून ठेवला, दोन्ही राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या पंचविसाव्या कलमाच्या बळावर. हॉटेलमालकही त्याच हक्काची भाषा बोलत होता. पण या मायलेकांच्या श्रद्धेपायी कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाला जमिनीवरून कप उचलावा लागला नाही. पंचविसावं कलमच सांगतं की हे स्वातंत्र्य इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. घरातल्या देव्हाऱ्यापुढं मालकानं हवं ते सोवळं पाळावं. रस्त्यावर पाटी लावून चहा विकायला बसल्यावर त्याचा धर्म माझ्या आजोबांच्या कपापर्यंत पोचता कामा नये.

अमेरिकेतही हे घडलंय. साउथ कॅरोलायनातल्या एका हॉटेलमालकानं काळ्या लोकांना वाढणं देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असं कोर्टात सांगितलं. 1968 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो दावा पोकळ ठरवला. अलीकडं समलिंगी जोडप्याला केक नाकारणाऱ्या बेकरीवाल्याचा खटला 2018 साली तिथंच गेला. न्यायालयानं निकाल बेकरीवाल्याच्या बाजूनं दिला, पण राज्याच्या आयोगानं त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली, एवढ्या अरुंद कारणावर. धर्माच्या नावानं गिऱ्हाइकाला नाकारता येतं का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडं तो आता भाड्याच्या घरात शिरलाय. माझी भाची पुण्यात खोली शोधत होती. एका घरमालकिणीनं आडनाव विचारलं, पुन्हा विचारलं, मग म्हणाल्या, ''आमच्याकडं देवाचं फार कडक असतं हो.'' अस्पृश्यतेच्या कायद्यात राहत्या घराचा उल्लेख आहे, पण 'जागा गेली' एवढ्या दोन शब्दांत मालक सुटतो. भाचीच्या मुसलमान मैत्रिणीला तर तेवढाही आधार नाही. पंधराव्या कलमात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी आहेत. भाड्याचं घर नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभाही दिली. 2017 साली शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. तसा कायदा व्हायला हवा, आणि त्यात भाड्याचं घर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, जसा 1955 साली हॉटेलातल्या भांड्यांचा उल्लेख स्पष्ट लिहिला गेला.