पदकाची कड वाचा

बरेच जण विचारतात, "आमचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात गेले म्हणतात, पण घरात साधा फोटोसुद्धा नाही. शोधायचं कुठून?"

आजीच्या ट्रंकेपासून. त्यात चांदीचं पदक सापडलं, तर त्यावरचा राजा सोडा, कड बघा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. (पुष्कळ घरांत ते कधीच सोनाराकडे गेलंय. चांदी होती ना!)

समजा, कडेवर ११० मराठा दिसलं. ही पलटण आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं, घोडे कापले गेले, आणि कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही. शेवटी शरणागती. साधारण १३ हजार जण कैद झाले. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं.

आता फोनवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट उघडा. युद्धात गेलेल्यांचीच नोंद तिथे मिळते. स्पेलिंग पाच तऱ्हांनी करून बघा, कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. कधी आडनावच नसतं. पण नशीब असेल तर 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा सातारा' एवढं मिळतं. वय बहुतेकदा नसतंच. तारीख मात्र नीट बघा. कूतमध्ये अडकलेला शिपाई एप्रिल १९१६ नंतर गेला असेल, तर बहुधा कैदेत.

आणि स्मारक? बसरा. तिथे ४० हजारांहून जास्त जणांची आठवण आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा! मला याचा अजून राग येतो. त्यांची नावं वहीत राहिली, म्हणून आज निदान स्क्रीनवर दिसतात.

गावातली पाटीही बघा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या युद्धात गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. अशा जुन्या पाट्या बऱ्याच गावांत आहेत, कधी चावडीच्या भिंतीत, रंगाखाली दडलेल्या. किती गेले, किती परत आले नाहीत, एवढंच त्यांवर असतं. नावं म्हाताऱ्यांना विचारा, या सुट्टीतच.

पदक सापडलं तर कडेचा फोटो आम्हाला पाठवा. फक्त ते घासून चकचकीत करू नका हं, अक्षरं झिजतात.