अतिथी की परोपजीवी? : लोमेकूसा आणि एका रूपकाचा इतिहास

लोमेकूसा ही आखूड पंखकवचांच्या स्टॅफिलिनिडी कुळातील भुंगेऱ्यांची प्रजाती ग्राव्हेनहोर्स्ट यांनी १८०६ मध्ये प्रस्थापित केली. हे भुंगेरे मुंग्यांच्या वारुळात वाढतात. मुंग्या त्यांच्या अळ्यांना भरवतात. त्या अळ्या मात्र मुंग्यांचीच पिले फस्त करतात. या विसंगतीसाठी शास्त्राने जी भाषा निवडली, तिचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनाही उद्बोधक ठरावा.

जेझुइट धर्मगुरू व कीटकशास्त्रज्ञ एरिक वासमान (१८५९–१९३१) यांनी वारुळातील परक्या कीटकांची वर्गवारी यजमानाच्या वागणुकीवरून केली. काहींचा मुंग्या पाठलाग करतात, काहींकडे दुर्लक्ष करतात, तर काहींना जिव्हाळ्याने सांभाळतात. लोमेकूसा व तिच्या निकटच्या प्रजाती या शेवटच्या वर्गात, म्हणजे ‘खऱ्या अतिथीं’त, गणल्या गेल्या. अतिथी म्हटला की यजमानाची इच्छा गृहीत धरावी लागते. त्यामुळे मुंग्यांच्या ठायी अतिथिपालनाची स्वतंत्र सहजप्रेरणा वासमान यांनी कल्पिली. ही प्रेरणा वारुळाला घातक असल्याने नैसर्गिक निवडीने तिचा उलगडा होत नाही, असा त्यांचा डार्विनवाद्यांविरुद्धचा युक्तिवाद होता. रूपक येथे केवळ अलंकार न राहता प्रमाण झाले.

अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी अशी स्वतंत्र प्रेरणा नाकारली. मुंग्यांची अपत्यसंगोपनाची प्रेरणाच येथे परक्याच्या वाट्याला जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे बर्ट होल्डॉब्लर यांनी आज लोमेकूसात गणल्या जाणाऱ्या एका जातीवर प्रयोग केले. तिच्या अळ्या मुंग्यांच्या अळ्यांप्रमाणे अन्न मागतात, तर प्रौढ भुंगेरे ग्रंथिस्रावांनी मुंग्यांना शांत करून वारुळात प्रवेश मिळवतात. यजमानाचे औदार्य मागे पडले आणि संकेतभाषेची नक्कल पुढे आली. तरीही १९७१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘अतिथी’ टिकून राहिला.

भाषांतराचा प्रश्न येथेच उभा राहतो. जर्मन ‘गास्ट’ आणि शत्रुवाचक लॅटिन ‘होस्टिस’ हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. परक्याविषयीची शंका त्या शब्दकुळातच मुरलेली आहे. ‘अतिथी’ची पारंपरिक व्युत्पत्ती येण्याची तिथी निश्चित नसलेला अशी आहे, आणि त्याचा सत्कार हे गृहस्थाचे कर्तव्य मानले जाते. म्हणून मराठीत ‘अतिथी’ लिहिताच वासमान यांचा सिद्धांत मुळाहून अधिक सात्त्विक होतो. ‘परोपजीवी’ लिहिताच तो खोडला जातो. पारिभाषिक शब्दाची निवड ही अशा वेळी शास्त्रीय वादातील एक बाजू ठरते.