मुंबईत घर : विकत घ्यावे की भाड्याने राहावे?

विवाहपूर्व भेटीसाठी येणाऱ्या वधूवरांना आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो, "लग्नानंतर राहणार कोठे?" वीस वर्षांपूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळत असे. आता त्यावर तासभर चर्चा होते. मुलगा अंधेरीला नोकरीस, मुलगी ठाण्याला, मुलाचे आईवडील वसईच्या वाडीत. घर घ्यावे तर कर्जाचा डोंगर, भाड्याने राहावे तर नातेवाईक म्हणणार, "भाडे म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे." हा विषय अनेक कुटुंबांना पडलेला असल्याने त्यासंबंधीची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मुंबईकर मूळचा भाडेकरूच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने, पुढे विकास खात्याने आणि त्याहून अधिक खासगी मालकांनी येथे चाळी बांधल्या, त्या भाड्याने देण्यासाठीच. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण लाभले, पण मालकाला दुरुस्तीपुरतेही उत्पन्न उरेना. भाड्यासाठी इमारती बांधणे जवळजवळ थांबले, पागडीची प्रथा बळावली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांतील मालकीच्या सदनिकांचे युग सुरू झाले. १९७३ मध्ये आणखी एक घडामोड झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूंचेच संरक्षण दिले गेले. "एकदा घरात घेतलेला माणूस बाहेर निघत नाही" ही मालकांची धास्ती तेव्हापासूनची आहे. आजही घरमालक अकरा महिन्यांच्या पलीकडे बोलायला बिचकतो, त्यामागे हा इतिहास आहे.

वस्तुतः ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही धास्ती बरीचशी निराधार ठरवली आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची मुदत संपताच राहणाऱ्याने घर सोडावयाचे असते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क वसूल करू शकतो. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. ह्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक त्याविरुद्ध सिद्ध करीत नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (अनामत रकमेचा थोडा भार त्यात मिळवावा लागतो) आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्या पैशांसाठी कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळे होणारे सुशिक्षित लोक पाहिले की आम्हांला आश्चर्य वाटते.

आता हिशेबाकडे वळू. समजा उपनगरातील एका सदनिकेची किंमत ८० लाख रुपये आहे आणि त्याच इमारतीत तशीच सदनिका महिना २०,००० रुपये भाड्याने मिळते. वर्षाचे भाडे २,४०,००० म्हणजे किमतीच्या ३ टक्के झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांहून अधिक कर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्के ही मर्यादा आहे, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्याखालील कर्जाला ९० टक्के. आपण ६० लाखांचे कर्ज धरू. पदरचे २० लाख लागतील. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ४,८०,००० रुपये (खरेदीदार केवळ महिला असेल तर एक टक्का सवलत). नोंदणी फी ३०,०००. हे शुल्क कर्जातून सहसा मिळत नाही. दलाली, वकील, रंगकाम, कपाटे ह्यांचा विचार न करताही २५ लाखांहून अधिक रोख हाताशी हवी.

साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ६० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५२,००० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यात ४२,५०० रुपये निव्वळ व्याज असते आणि मुद्दल फिटते जेमतेम साडेनऊ हजार. वीस वर्षांत बँकेला एकूण सुमारे सव्वा कोट जातात. तेव्हा भाडे पाण्यात जात असेल तर व्याज कोठे जाते, हा प्रश्न त्या नातेवाइकांना विचारावयास हरकत नाही. ह्यातच संस्थेचे देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मिळवावी; ही मालकालाच भरावी लागते. उलटपक्षी, ते २५ लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर महिना साडेचौदा हजारांच्या आसपास व्याज येते, म्हणजे भाड्याचा मोठा भाग (कर वजा जाता) त्यातूनच निघतो.

मात्र हा हिशेब येथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले तर आजचे २०,००० विसाव्या वर्षी साडेपन्नास हजारांच्या घरात जातात. तोवर मालकाचा हप्ता संपत आलेला असतो, आणि भाडेकरू मात्र निवृत्तीच्या उंबरठ्यावर पूर्ण भाडे भरत असतो. भाड्याने राहून वाचलेले महिना तीस हजार खरोखर बाजूला पडले तरच भाड्याचे गणित जिंकते. आमच्या पाहण्यातील बहुतेक घरांत ते पडत नाहीत. हप्ता ही सक्तीची बचत आहे. ज्याला सक्तीशिवाय बचत जमत नाही, त्याने हे स्वतःशी मान्य करावे.

आमचे मत विचाराल तर ज्यांची नोकरी, मुलांची शाळा आणि वृद्धांची सोय पुढील सात-आठ वर्षे एकाच ठिकाणी राहण्याची शक्यता आहे, आणि ज्यांचा हप्ता घरातील एकाच पगारातून ओढाताण न होता भागतो, त्यांनी घर घ्यावे. एकाच पगारातून का? कारण पहिले बाळ झाल्यावर दुसरा पगार वर्ष-दोन वर्षे थांबतो, हे आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहे. इतरांनी भाड्याने राहण्यात काही कमीपणा मानू नये. आयकरातील सवलतीच्या लोभाने तर घर घेऊच नये. गृहकर्जाच्या मुद्दलावर आणि राहत्या घराच्या व्याजावर मिळणारी वजावट, तसेच घरभाडे भत्त्याची सूट ही जुन्या करपद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत ती नाही.

वसईच्या कुटुंबांपुरती एक वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. मुलाच्या मुंबईतील सदनिकेसाठी वडिलांनी वाडीचा तुकडा विकणे हे आता नित्याचे झाले आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले. केळीची बाग विकून आलेली सर्व रक्कम त्यांनी एका बांधकाम व्यावसायिकाला नोंदणीकृत कराराआधीच देऊन टाकली होती. इमारत जोत्याच्या वर आली नाही. मुलगा भाड्याच्या खोलीत राहिला आणि पित्याची विहीर दुसऱ्याच्या कुंपणात गेली. त्यांना काय सांगावे हे आम्हांला सुचले नाही, आणि खरे तर तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेही नव्हते.

अशा प्रसंगासाठीच २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे 'रेरा', आहे. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण, 'महारेरा', २०१७ पासून कार्यरत आहे. नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. विक्री चटई क्षेत्रावर करावयाची असते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. प्रकल्पाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घरांवर तो १ टक्का आहे, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर लागत नाही.

भोगवटा प्रमाणपत्राविषयी तडजोड नको. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा अधिक मजले बांधले गेले होते. तेथील रहिवाशांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने काय सोसावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या जवळच, नालासोपारा पूर्वेत, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या. त्यांत राहणारी कुटुंबे लबाड नव्हती. स्वस्त घर मिळाले म्हणून त्यांनी कागद पाहिले नाहीत, किंवा दाखवलेले कागद खरे मानले. जुनी सदनिका घेताना संस्थेचे भाग प्रमाणपत्र, आधीच्या सर्व खरेदी करारांची साखळी, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही हे पाहावे. ते झालेले नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनुसार मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग संस्थेला खुला आहे. हस्तांतरण शुल्क म्हणून संस्थेला २५,००० रुपयांहून अधिक मागता येत नाहीत.

भाड्याने घर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भाड्याऐवजी एकरकमी 'हेवी डिपॉझिट' देण्याची प्रथा मुंबईत आहे. मालकावर बँकेचे कर्ज असेल आणि तो बुडाला, तर आपली अनामत अडकते. म्हणून मोठी रक्कम देण्यापूर्वी घरावर बोजा नाही ह्याची खात्री करावी, रक्कम धनादेशाने द्यावी आणि ती करारात लिहून घ्यावी. दुसरे, संस्था भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाकडून बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ते भाडेकरूच्या माथी मारले जात असेल तर करार करतानाच विचारून घ्यावे, आणि घरात शिरण्याच्या दिवशी भिंती, नळ, विजेच्या मीटरचा आकडा ह्यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवून ठेवावीत.