इसब आणि स्नेह

व्याधी कोणतीही असो, ती दुःखदायक असतेच. परंतु त्वचेच्या व्याधीस दुःखाबरोबर लज्जेचीही जोड मिळते. ज्वर अंगात राहतो, इसब अंगावर दिसतो. कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत खाजणारे चट्टे असलेल्या मुलाशेजारी बसावयास इतर मुले कचरतात, आणि घरातील वडील मंडळी ‘नीट धूत नसशील’ म्हणून त्याचे अंग अधिकच घासावयास लावतात. वस्तुतः इसब हा संसर्गजन्य रोग नव्हे व अस्वच्छतेचे फळही नव्हे. मग हा समज आला कोठून, आणि ह्या त्वचेस निववण्याची आपली जुनी रीत कितपत खरी होती, ह्याचा थोडा विचार अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या आधाराने करावयाचा आहे.

आयुर्वेदाने बहुतेक त्वग्रोग ‘कुष्ठ’ ह्या एकाच व्यापक संज्ञेखाली घेतले. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरांची गणना असून त्या अकरांत ‘विचर्चिका’ येते. हिलाच आजचे वैद्य बहुधा इसब समजतात. चरकाने खाज, सावळ्या पुळ्या व पुष्कळ स्राव ही तिची लक्षणे सांगितली. सुश्रुताने रेषा, रुक्षता व वेदना ह्यांवर भर दिला. पाझरणारा व कोरडा, अशा इसबाच्या दोन्ही अवस्था ह्या दोन वर्णनांत स्पष्ट दिसतात. पाश्चात्य वैद्यकात त्वग्रोगांचे वर्गीकरण लंडनच्या रॉबर्ट विलनच्या १८०८ सालच्या ग्रंथाने पुढे नेले. आपल्याकडे मात्र पुढे ‘कुष्ठ’ हा शब्द महारोगापुरता संकोचला; भीती तेवढी जुन्या विस्तारावर पसरलेली राहिली. निरुपद्रवी चट्ट्यासही लोक बिचकतात, त्याचे एक मूळ ह्या शब्दात असावे.

आता भूमीकडे पाहू. ह्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोल्याच्या डांगाणात पाऊस धो धो कोसळतो. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड ह्या भागांत पाण्याचे दुर्भिक्ष नेहमीचेच. निजामशाहीत दूरच्या झऱ्यांचे पाणी खापरी नळांनी शहरात आणावे लागले, ते ह्याच कारणाने. काळ्या खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते, आणि पौष-माघातील कोरडा वारा ओठ व टाचा फोडतो. अशा प्रदेशात स्नेहाचे महत्त्व लोकांस ग्रंथावाचून कळले. रब्बीच्या ज्वारीबरोबर येणाऱ्या करडईचे तेल घरात असेच. त्यातील लिनोलेइक आम्ल हे त्वचेच्या बाह्य थरास आवश्यक असे द्रव्य आहे, हे रसायनशास्त्राने फार पुढे सांगितले.

वैद्यांचा ह्याहून सूक्ष्म उपाय म्हणजे शतधौत घृत. तूप तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा घोटून धुवावयाचे. तूप हळूहळू पांढरे, मऊ व थंड होते. चरकसंहितेत दाह व विसर्प ह्यांवर ते सांगितले आहे. दुसऱ्या शतकात गेलेनने मेण, तेल व पाणी घोटून केलेला लेप ह्याच जातीचा. पाणी व स्नेह ह्यांचा मेळ, हेच दोहोंचे रहस्य. हे शास्त्र पोथ्यांत व घरोघरीच न राहता रीतसर शिकवले जावे ह्यासाठी ‘औषधिगुणधर्मशास्त्र’कर्ते वैद्य गंगाधरशास्त्री गुणे ह्यांनी १९१७ साली अहमदनगरास आयुर्वेद महाविद्यालय काढले, त्यांच्या नावाची ती संस्था आजही चालू आहे.

तथापि ह्याच सुमारास साबण मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात स्थिरावत होता. प्रथम विलायती, मग स्वदेशी, असा तो आला आणि स्वच्छतेचे प्रतीक बनला. जखमांबाबत त्याचे उपकार थोर आहेत. पण निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तर साधा साबण क्षारयुक्त. जड पाण्यात त्याचा साका होऊन तो अंगावर चिकटतो. सुदृढ त्वचा हे सोसते. इसबाची सोसत नाही.

ती का सोसत नाही, ह्याचे उत्तर अलीकडे मिळाले. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या नेतृत्वाखाली असे दिसून आले की, फिलॅग्रिन नावाचे प्रथिन घडविणाऱ्या जनुकातील दोष कित्येक रुग्णांत आढळतो. त्वचा ही जणू भिंत, पेशी तिच्या विटा व स्निग्ध द्रव्ये हा चुना. ही भिंत मुळातच पोकळ असली की ओलावा बाहेर जातो व क्षोभक पदार्थ आत शिरतात. ज्या भिंतीचा चुना सुटला आहे, ती घासून कशी सुधारावी?

म्हणून आजचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते असे. स्नान रोज, पण थोडक्यात व कोमट पाण्याने. सुगंधी साबणाऐवजी सौम्य, क्षारहीन द्रव्य. अंग न चोळता टिपून घ्यावे आणि ते दमट असतानाच निर्गंध मलम सढळ हाताने लावावे. नखे कापलेली व कपडे सुती असावेत. धनगरांची घोंगडी उबदार खरी, परंतु अशा त्वचेस ती टोचते. गंमत अशी की त्याच लोकरीच्या चरबीपासून काढलेले लॅनोलिन कित्येक मलमांत असते, आणि क्वचित कोणास तेही बाधते.

जुने ते सारे स्वीकारावे असे मात्र नाही. भरड उटणे फुटलेल्या कातडीस ओरखडते. तीवर पिठे वा दूध चोळल्यास ॲलर्जी जडण्याचा संभव असतो, आणि घरी केलेल्या लेपांत जंतू वाढतात. नवेही सर्वसमर्थ नाही. १९५२ सालापासून वापरात आलेल्या हायड्रोकॉर्टिसोन व तत्सम मलमांनी दाह शमतो. परंतु ती वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्महिने लावल्यास त्वचा विरते. जन्मापासून रोज मलम लावल्याने इसब टळतो काय, हे ब्रिटनमध्ये तपासले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष नकारार्थी आला. स्नेहाने रोग टळत नाही. झालेला मात्र निवतो, खाज उतरते, मुलास झोप लागते.

संस्कृतात तेला-तुपासही स्नेह म्हणतात व मायेसही. इसबाच्या मुलास दोन्ही लागतात. त्याचे अंग घासणाऱ्या हाताने ते हलके माखावे, आणि शेजाऱ्यांस सांगावे की हा रोग स्पर्शाने होत नाही. एवढे झाले तरी त्या मुलाचे अर्धे दुःख हलके होईल.