खाणावळ : एका शब्दाची कुळकथा

गिरगावच्या वाड्यांतून आणि लालबाग-परळच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या वावरलेला ‘खाणावळ’ हा शब्द आम्ही आज विचारासाठी घेतला आहे. ‘आवळ’ म्हणजे ओळ, तेव्हा खाणाऱ्यांची पंगत ती खाणावळ, अशी व्युत्पत्ती सहज सुचते. ‘खानावळ’ असे लिहिले की कारखाना, दवाखाना यांतील फारसी ‘खाना’ आठवतो. परंतु शब्दाचे कूळ ठरवायचे तर त्याचे भाऊबंद पाहावे लागतात. दळण्याची मजुरी ती दळणावळ, शिवण्याची शिवणावळ, धुण्याची धुणावळ, घडवण्याची घडणावळ. त्याच न्यायाने खाण्याचा आकार ती खाणावळ. पुढे तो आकार घेऊन जेवू घालणाऱ्या घरालाच हे नाव पडले, असे आम्हांस वाटते.

‘पाहुणा’ हा शब्द प्राकृतातील ‘पाहुण’वरून आला. पाहुण्याच्या ताटाचा हिशेब कोणी ठेवत नाही. खाणावळीचा आरंभच हिशेबाने होतो. मग तिच्यात आतिथ्य नाही काय?

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली, ती बहुधा एकटीच. बायकामुले गावी. अशा दहा-पंधरा जणांना चाळीतली एखादी बाई दोन्ही वेळ रांधून घाली. पैसे पगाराच्या दिवशी, खाडे वजा करून. महिनाभराचे धान्य मात्र तिने वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराच्या जबर व्याजावर आणायचे. 1969 मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, कामगार गावोगाव परतले, आणि कित्येक चुली थंडावल्या. संपाच्या इतिहासात मालक आहेत, कामगार आहेत, पुढारी आहेत. ही बाई क्वचितच आढळते. तिला अन्नपूर्णा म्हणून हात जोडणे सोपे असते. तिच्या श्रमाचे मोल मांडणे अवघड. ‘खाणावळ’ या शब्दाने ते केव्हाच मांडून ठेवले आहे. दळणे, शिवणे, धुणे यांच्याच पंक्तीत तो रांधून वाढणे बसवतो. ताटामागे माया असेल, पुष्कळदा असेच. पण मायेचे नाव सांगून कष्टाचा दाम बुडवू नये, एवढे हा शब्द आपल्याला सांगून जातो.