उभ्या उभ्या छापलेली छबी

शालेय क्रीडास्पर्धांच्या मैदानाच्या कडेला हल्ली एक लहानसा मांडव हमखास आढळतो. त्यात दोन टेबले, एक संगणक, छपाईचे एक आटोपशीर यंत्र आणि मागच्या बाजूस धडधडणारा जनरेटर एवढा सरंजाम मांडून बसलेली मंडळी, विजेत्याच्या कपाळावरचा घाम वाळण्याच्या आत त्याची छबी त्याच्या आईबापांच्या हाती ठेवतात आणि पैसे मोजून घेतात. हा उद्योग संगणकयुगाचे अपत्य आहे असा पाहणाराचा सहज समज होतो. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. एके काळी जागच्या जागी काम उरकण्यावाचून छायाचित्रकाराला गत्यंतरच नव्हते. चित्र घरी नेऊन सावकाश धुण्याची चैन त्याला पुढे मिळाली.

याचे कारण रसायनात होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली कलोडियनची कृती प्रसिद्ध केली, तीत काचेवर चिकट द्रव पसरून, ती रुप्याच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच तिच्यावर प्रकाश पाडावा लागे आणि ओली असतानाच ती धुवावी लागे. काच वाळली की सगळी मेहनत वाया. त्यामुळे कॅमेरा जाईल तेथे अंधारखोलीही गेलीच पाहिजे, असा शिरस्ता पडला. क्रिमियाच्या युद्धाची चित्रे घ्यावयास 1855 साली गेलेला रॉजर फेंटन एका दारूविक्याची जुनी गाडी अंधारखोली करून घेऊन गेला. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांच्यासारखे हौशी सभासद तिला लाभले होते. चैत्रवैशाखातल्या मुंबईत ओली काच ओली राखण्यासाठी या मंडळींना केवढी तारांबळ करावी लागली असेल, याची कल्पना ज्याने उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या आहेत त्याला करता येईल.

क्रीडेच्या मैदानावर जागच्या जागी छबी काढून दाखविण्याचा पहिला मोठा प्रसंग याच ओल्या काचेच्या जमान्यातला आहे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेचे धनाढ्य मालक लीलंड स्टॅनफर्ड यांनी पालो आल्टो येथील आपल्या अश्वशाळेत 1878 च्या जून महिन्यात वार्ताहरांना पाचारण केले. एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या बाजूस बारा कॅमेरे ओळीने मांडले होते. सॅली गार्डनर नावाची घोडी चौखूर उधळत जाताना पट्टीवर आडवे ताणलेले दोरे तिच्या अंगाने तुटत, आणि एकेका दोऱ्यासरशी एकेका कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. काचा तेथल्या तेथे, वार्ताहरांच्या देखत धुतल्या गेल्या. धावता घोडा चारही पाय भुईवरून उचलतो की नाही, या वादाचा त्यांतून निकाल लागला, हे सर्वश्रुत आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. धावताना त्या घोडीचा तंग तुटला होता, आणि तो तुटलेला तंग काचेवर स्पष्ट उमटला होता. पाहणारांनी काही घटकांपूर्वी डोळ्यांनी जे पाहिले तेच काचेत दिसले, म्हणून चित्रात खाडाखोड केल्याची शंका घेण्यास जागा उरली नाही. जागच्या जागी दिलेल्या छबीची खरी किंमत, मला वाटते, हीच आहे: साक्षीदार पांगण्यापूर्वी पुरावा हाती येतो.

पुढे रिचर्ड मॅडॉक्सने 1871 साली सुचविलेली कोरडी काच प्रचारात आली, आणि 1888 साली जॉर्ज ईस्टमनने शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक बाजारात आणून सगळा कॅमेराच कारखान्याकडे पाठविण्याची सोय केली. छबी घेणे आणि छबी छापणे यांची अशी फारकत झाली, की गिऱ्हाइकाने वाट पाहावी हाच जगाचा रिवाज बनला.

दोन ठिकाणी मात्र ही फारकत कोणालाच परवडण्याजोगी नव्हती. पहिले ठिकाण शर्यतीचे. घोड्यांवर पैसे लावलेला जमाव निकालासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत स्वस्थ बसेल, हे संभवतच नाही. लॉरेन्झो देल रिचिओ याने 1937 साली डेल मारच्या मैदानावर जो कॅमेरा लावला त्यात फिल्मची पट्टी एका बारीक उभ्या फटीमागून घोड्यांच्या वेगाशी मेळ राखून सरकत राही. तिच्यावर उमटे तो एका क्षणाचा देखावा नसून, अंतिम रेषेवरून कोण कोणामागे गेले याचा जणू रोजनामाच असे. ती पट्टी मैदानावरच धुऊन, ओलेती प्रत पंचांपुढे ठेवली जाई. लंडनच्या 1948 च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीनंतर बार्नी युएल आपणच जिंकलो या समजुतीने नाचू लागला. छायाचित्र आले तेव्हा पहिला हॅरिसन डिलर्ड ठरला. (त्याच ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले, तेथला निवाडा पंचांच्या डोळ्यांवर चाले, धुलाईची वाट पाहावी लागत नसे.)

दुसरे ठिकाण गरिबाचे: यात्रेचे आणि कचेरीच्या आवाराचे. दरखास्तीला छबी जोडावयाची आणि संध्याकाळच्या एस्टीने गावी परतावयाचे, अशा माणसासाठी अर्जनवीसाशेजारी तिपाईवरचा लाकडी पेटीचा मिनिट कॅमेरा उभा असे. पेटीच्या कुशीला काळ्या कापडाची बाही. तीत हात कोपरापर्यंत घालून फोटोवाला आतल्या दोन तबकांत केवळ स्पर्शाच्या अंदाजाने ब्रोमाइड कागद धूत असे. पहिल्याने निघे ती उलटी छबी, काळे केस पांढरे आणि पांढरा सदरा काळा. ती तशीच भिंगासमोरच्या फळीवर टाचून तिचीच पुन्हा छबी घ्यावयाची, की माणूस पूर्वपदावर येई. बादलीतल्या पाण्यातून काढलेला तो हायपोच्या वासाचा ओला कागद खेडूत दोन बोटांच्या चिमटीत धरून वाऱ्यावर हलवीत उभा राही. पोलरॉइडने 1948 च्या अखेरीस ही सारी अंधारखोली एका पाकिटात कोंबली खरी, पण तिचा कागद आपल्या यात्रेकरूला नेहमीच महाग पडला.

म्हणून आपल्याकडे बराच काळ डाकखातेच उपयोगी पडले. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी छबी काढणारे पूर्वी पर्यटकाचा पत्ता वहीत उतरवून घेत आणि छबी मागाहून टपालाने धाडीत. पैसे आधी, माल नंतर, आणि मध्ये सगळा भरवसा. पुढे तेच लोक पाठीवरच्या पिशवीत लहानसे छपाईयंत्र बाळगून पर्यटकाच्या देखत छबी छापून देऊ लागले. मैदानावरचा मांडव याच पिशवीचा थोरला भाऊ आहे.

त्याचा हिशेबही मनोरंजक आहे. या यंत्रांत शाईऐवजी पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांची व वर पारदर्शक लेपाची अशी फीत असते. कागद चार वेळा मागेपुढे होतो आणि कोरडाच बाहेर पडतो. चित्र फिकट असो की गडद, फीत तेवढीच खर्च होते, म्हणून छबीचा उत्पादनखर्च आधीच पक्का सांगता येतो. जुन्या फोटोवाल्याला हे सुख नव्हते. आजच्या धंद्यातली खोट निराळी आहे: मागणीआधीच छापून ठेवलेल्या आणि न विकल्या गेलेल्या प्रतींत नफा बुडतो. तेव्हा छातीवरच्या क्रमांकावरून आधी पडद्यावर छबी दाखवावी आणि पैसे आल्यावरच छापावी, हे शहाणपणाचे.

आणखी एक बाब आयोजकांच्या कानावर घातली पाहिजे. त्या वापरलेल्या फितीवर छापलेली प्रत्येक छबी उलट्या रंगांत जशीच्या तशी उरते. फीत उजेडात उलगडली की दिवसभरात छापलेल्या साऱ्या मुलांचे चेहरे एकापाठोपाठ एक ओळखू येतात. शाळेने असा मांडव घालू देताना, संध्याकाळी त्या फिती आपल्यासमोर कात्रीने तुकडे करून टाकण्याची अट करारात अवश्य लिहून घ्यावी.